विस्थापिताला सोबत कुणाची?

विस्थापितांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक हिशेब लगेच मांडला जातो. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, आकडा ०.७५ च्या आसपास आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार आहे आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचत नाहीत. मग निष्कर्ष निघतो की डॉक्टर पुरे पडत नाहीत, तेव्हा वस्तीतल्याच चार माणसांना चार दिवसांचं प्रशिक्षण द्यावं आणि वेळ भागवावी. निर्वासितानं निर्वासिताला, विस्थापितानं विस्थापिताला दिलेला आधार या हिशेबात नाइलाजाची तडजोड ठरतो.

हा हिशेब मला उथळ वाटतो. त्यातले आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून काढलेलं अनुमान चुकतं. माझं म्हणणं असं आहे: उद्या प्रत्येक पुनर्वसन वसाहतीत एक मानसोपचारतज्ज्ञ बसवला, तरी समदुःखी माणसाची गरज कमी होणार नाही. विस्थापनात जे मोडतं त्यातला मोठा भाग डॉक्टरच्या आवाक्यात येतच नाही. तो त्याच वाटेनं आलेल्या माणसालाच हाताळता येतो. आणि हे काम असं विशेष असेल, तर ते फुकटात, देखरेखीशिवाय आणि मर्यादा न आखता करून घेणं हा त्या माणसावरही अन्याय आहे आणि ज्याला आधार हवा त्याच्यावरही.

वडोदरा कशासाठी

ही चर्चा वडोदऱ्याच्या संदर्भात करण्याला कारण आहे. मराठी माणसाला हे शहर सयाजीरावांचं, दांडिया बाजारातल्या मराठी घरांचं म्हणून माहीत असतं. पण हे घर सोडून आलेल्यांचंही शहर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची वस्ती वारसियात उभी राहिली. २००२ च्या हिंसाचारानंतर मिश्र वस्त्यांतून बाहेर पडलेली अनेक मुस्लिम कुटुंबं तांदळज्यात स्थिरावली. आणि शहरापासून फार लांब नसलेल्या डभोई-वाघोडिया-संखेड्याच्या पट्ट्यात सरदार सरोवर धरणानं उठवलेल्या लोकांच्या वसाहती आहेत.

यांतली तिसरी गोष्ट मराठी वाचकाच्या थेट घरातली आहे. नर्मदा जलतंटा लवादानं डिसेंबर १९७९ मध्ये निवाडा दिला, त्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या बाधितांना गुजरातमध्ये वसण्याचा पर्याय ठेवला. महाराष्ट्रातली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडितात येत होती. त्यांतलं मणिबेली हे पहिलं. मणिबेलीची काही कुटुंबं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमध्ये, तेव्हाच्या वडोदरा जिल्ह्यातल्या परवेटा वसाहतीत आली. डोंगरातल्या पाड्यांवर एकमेकांपासून लांब, उतारांवर विखुरलेली घरं सोडून ती सपाटीवर ओळीनं आखलेल्या प्लॉटांवर आली. राज्य बदललं, तलाठी बदलला, मुलांच्या शाळेची भाषा बदलली.

कायद्यानं ही माणसं निर्वासित ठरत नाहीत, कारण त्यांनी देशाची सीमा ओलांडलेली नाही. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा राष्ट्रीय कायदाही नाही, तो भाग निराळा. पण मनाच्या बाजूनं पाहिलं तर सीमा किती मोठी होती यापेक्षा परतीची वाट उरली का, हा प्रश्न मोठा. सिंधी कुटुंबाचं गाव निदान नकाशावर तरी राहिलं. मणिबेलीच्या माणसाचं शेत पाण्याखाली गेलं.

पहिला टप्पा: मोडतं ते नेमकं काय

ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ डेरिक सिलोव्ह यांनी निर्वासितांबरोबरच्या दीर्घ कामातून एक मांडणी केली. माणसाच्या मनाचा तोल पाच गोष्टींवर उभा असतो: सुरक्षितता, नात्यांचं जाळं, न्याय मिळेल असा भरवसा, समाजातली आपली भूमिका आणि जगण्याला असलेला अर्थ. विस्थापन या पाचांनाही एकाच वेळी धक्का देतं. आता दवाखान्याच्या बाजूनं विचार करा. गोळी झोप आणते, धडधड कमी करते, खोल नैराश्यातून माणसाला वर आणते. हे मोठं काम आहे आणि मला ते अजिबात कमी लेखायचं नाही. पण भूमिका गोळीनं परत मिळत नाही. डोंगरात जी बाई जंगलातली औषधी ओळखायची, बाळंतपणाला जिला बोलावणं यायचं, ती वसाहतीत आल्यावर फक्त सातबाऱ्यावरच्या नावाची बायको उरते. तिची भूमिका तिला परत देऊ शकतात ती माणसं, ज्यांनी ती भूमिका पाहिली होती.

जरा जवळून पाहू. समजा, वसाहतीतली अशी एक पन्नाशीची बाई तालुक्याच्या दवाखान्यात येते. अंगदुखी, डोकं जड, जेवण जात नाही. डॉक्टर चांगला आहे, घाईतला आहे आणि गुजरातीत विचारतो. छापील प्रश्नावलीत एक प्रश्न असतोच: नेहमीच्या आवडीच्या गोष्टींत रस वाटतो का? ती मान हलवते. त्या मान हलवण्याचा अर्थ डॉक्टरला लागत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. आता तिच्याच पाड्यावरून आलेली दुसरी बाई घ्या. हिला काही विचारावं लागत नाही. तिनं पाहिलेलं असतं की यंदा होळीला ढोल वाजला तरी ही दारातून उठली नाही. सातपुड्यातल्या माणसाला होळी म्हणजे काय, हे ज्यानं काठीची राजवाडी होळी एकदा तरी पाहिली आहे त्याला सांगायला नको. रात्रभर नाच, दूरदूरच्या पाड्यांतून पायी येणारी माणसं, वर्षभराच्या सोयरिकींची बोलणी. त्या दिवशी दारात बसून राहणं हे लक्षण आहे, आणि ते कुठल्याही प्रश्नावलीत छापलेलं नाही.

मात्र समदुःखी माणसाला जास्त माहिती असते, एवढाच माझा मुद्दा असता तर तो दुबळा ठरला असता. माहिती डॉक्टरलाही देता येते; दुभाषा नेमता येतो, होळीवर एक टिपण लिहून देता येतं. खरा फरक दुसरीकडे आहे. दुखणं ऐकणारा आपल्यापेक्षा वरच्या पायरीवर असला की विस्थापित माणूस अर्जदार होतो. गेली कित्येक वर्षं तो अर्जदारच असतो: जमिनीच्या तुकड्यासाठी, प्रौढ मुलाच्या नावासाठी, वीजजोडणीसाठी. नुकसान वाढवून सांगायचं की लपवायचं, हे समोरचा कोण आहे ते बघून ठरवायची सवय त्याला लागलेली असते. दवाखान्याची खोलीही त्याला आणखी एक कचेरी वाटते. समदुःख्यापुढे मात्र ना वाढवून सांगून फायदा असतो, ना लपवून. दोघांनीही एकच कागद भरलेला असतो.

दुसरा टप्पा: समदुःखी कुणाला म्हणायचं

या कामात रस असलेल्या संस्था सहसा एक सोपी वाट धरतात. त्याच जमातीचा, त्याच भाषेचा, थोडंफार शिकलेला तरुण निवडतात आणि त्याला समदुःखी ठरवतात. इथे बरंच काही बिघडतं.

मणिबेलीत सगळे एकदम उठले नाहीत. काहींनी गुजरातमधली जमीन स्वीकारली आणि ते गेले. काही राहिले, धरणविरोधी आंदोलनात उतरले, पाणी अंगणात येईतो हलले नाहीत. ज्यांनी आंदोलनाची साथ धरली त्यांना निदान एक सामूहिक कहाणी मिळाली. सभा होत्या, गाणी होती; पुढे चिमलखेडीसारख्या गावांत मुलांसाठी जीवनशाळा उभ्या राहिल्या. आपल्या दुःखाला नाव असणं आणि ते हजार तोंडांनी एकदम उच्चारलं जाणं, यात मनाला धरून ठेवणारं मोठं बळ असतं. जे निघून आले त्यांच्याकडे ही कहाणी नव्हती. मागे राहिलेल्या भावाच्या नजरेत आपण सोडून गेलो, आणि नव्या गावाच्या नजरेत आपण बाहेरून येऊन जमीन घेणारे. या दोन नजरांच्या मधे राहिलेल्या माणसाचा अपराधभाव वेगळाच असतो. त्याला समजून घ्यायला त्याच्या जमातीचा पण आंदोलनातच राहिलेला कार्यकर्ता उपयोगी पडेलच असं नाही. कधी कधी तर तोच सगळ्यांत अवघड श्रोता ठरेल.

म्हणून जमात-भाषा ही समदुःखाची सुरुवातीची अट झाली, पुरेशी नव्हे. ज्याच्यापुढे तोच पेच पडला होता आणि ज्यानं तोच निर्णय घेतला, तो खरा समदुःखी. आणखी एक गोष्ट: तो त्या निर्णयाच्या पलीकडे थोडा पोचलेला असावा. ज्याची जखम अजून ओली आहे त्याला दुसऱ्याची जखम धुवायला लावणं क्रूरपणाचं आहे.

मराठी वाचकाला हे पटवायला दूर जावं लागू नये. पुण्याच्या मुक्तांगणनं १९८६ पासून हेच दाखवून दिलं आहे. तिथल्या कार्यकर्त्यांत अनेक जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत, आणि नव्यानं दाखल झालेला माणूस त्यांचं ऐकतो ते त्यांच्या पदवीमुळे नाही. पण तिथे कालच बाहेर पडलेल्याला आज समुपदेशकाच्या खुर्चीत बसवत नाहीत. शेजारी डॉक्टर असतो, नियम असतात, कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घसरणीचीही काळजी घेतली जाते. मुक्तांगणचा हा धडा आपण व्यसनापुरता मर्यादित ठेवला, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तिसरा टप्पा: पुरावा काय सांगतो

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ नावाची पद्धत खुली केली. आठवड्याला एक अशा पाच भेटी. त्यांत श्वासावर आधारित ताण-नियंत्रण, सुटू शकणाऱ्या अडचणी वेगळ्या काढून सोडवणं, थांबलेली कामं हळूहळू पुन्हा सुरू करणं आणि आधाराची माणसं जोडणं. या भेटी तज्ज्ञ नसलेली, प्रशिक्षित माणसं घेतात. पेशावरमध्ये तिची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि लोकांचा मानसिक त्रास स्पष्टपणे कमी झालेला दिसला. पुढे सीरियातल्या निर्वासितांसाठी युरोप आणि पश्चिम आशियातल्या देशांत ती वापरली गेली. काही ठिकाणी भेटी घेणारेही सीरियाचेच निर्वासित होते. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांच्या नैराश्यावर त्यांच्याच वस्तीतल्या स्त्रियांकरवी काम करून पाहिलं. भारतात याहून जुनं उदाहरण तमिळनाडूतलं आहे. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांनी १९८४ मध्ये एस. सी. चंद्रहासन यांच्या पुढाकारानं ‘ऑफर’ ही स्वतःची संस्था काढली. छावण्यांमधलं शिक्षण, आरोग्य, समुपदेशन त्यांनी आपल्यातल्याच माणसांना तयार करून चालवलं.

आपल्या सीमेच्या अगदी जवळचा प्रयोग म्हणजे ‘आत्मीयता’. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानं तो नाशिकच्या पेठ तालुक्यात सुरू केला आणि नंतर गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात नेला. गावातलेच ‘मित्र’ त्रासात असलेला माणूस हेरतात आणि त्याला गावच्याच ‘चॅम्पियन’शी जोडून देतात, तो चार-सहा भेटींत ऐकण्याचं, अडचण सोडवण्याचं, थांबलेलं जगणं हलवण्याचं काम करतो. मला त्यातला एक भाग फार महत्त्वाचा वाटतो: हाच माणूस पेन्शनचा, योजनेचा अर्जही मार्गी लावायला मदत करतो. मन आणि रेशनकार्ड यांना तिथे वेगळ्या खिडक्या नाहीत.

हा पुरावा फुगवून सांगायला मात्र माझी तयारी नाही. परिणाम बहुधा मध्यम असतात. जॉर्डनमधल्या छावणीतल्या चाचणीत नैराश्य कमी झालं, पण आघातोत्तर ताणाच्या लक्षणांवर तसा परिणाम दिसला नाही. पाच भेटींनी आयुष्य बदलत नाही, आणि ज्याच्या डोक्यावरचं पत्र्याचं छप्पर तसंच आहे त्याचा सुधारलेला मूड वर्षभर टिकेल ही अपेक्षाही अवाजवी. उलट या मर्यादेतूनच माझा मुद्दा पक्का होतो. पाच भेटींचं पॅकेज संपतं. शेजारचा समदुःखी माणूस तिथेच राहतो. त्याला पॅकेजचा वाहक समजणं हीच मुळात चूक आहे.

आक्षेप

*सिंधी माणसानं कुठे समुपदेशन घेतलं?* हा आक्षेप वडोदऱ्यात आणि उल्हासनगरात हमखास ऐकू येतो. कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेली माणसं. १९४९ मध्ये त्याच छावण्यांचं उल्हासनगर झालं. ती गोळ्या-बिस्किटं विकून उभी राहिली, कुणी त्यांचं मन धरायला आलं नव्हतं. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांची पंचायत होती, दरबार होते, एकमेकांना उधार देणारी दुकानं होती. समदुःख्यांचा आधार त्यांना होता; त्याला कुणी आरोग्यसेवा म्हटलं नाही एवढंच. दुसरी बाजूही पाहायला हवी. रीटा कोठारी यांनी गुजरातमधल्या सिंधी हिंदूंवर २००७ मध्ये पुस्तक लिहिलं. इथे मिसळून जाण्यासाठी त्या समाजानं आपली भाषा, खाणंपिणं, सुफी वळणाची श्रद्धा यांतलं किती काही मागे टाकलं, हे त्यात दिसतं. दुकान उभं राहिलं म्हणजे माणूस सावरला, असं मानायची आपल्याला फार घाई असते.

*अर्धवट ज्ञान घातक.* या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. आत्महत्येच्या कडेला पोचलेला माणूस, भास होणारा माणूस, घरात मार खाणारी स्त्री यांना फक्त ऐकून घेणं पुरत नाही. लहान वसाहतीत गुपित फुटण्याची भीतीही खरी असते. विहिरीवर सांगितलेलं संध्याकाळपर्यंत ओळीतल्या शेवटच्या घराला कळतं. म्हणून कधी थांबायचं आणि पुढे कुणाकडे पाठवायचं, हे समदुःखी कार्यकर्त्याला आधी शिकवायला हवं. ऐकायचं कसं, हे त्यानंतर. स्त्रीसाठी स्त्री हवी, आणि कार्यकर्ता कारभाऱ्याच्या घरातला नको. पण हा आक्षेप देखरेखीची गरज सिद्ध करतो. समदुःखी नको, असं त्यातून निघत नाही. देखरेखीशिवायचा डॉक्टरही घातकच असतो. तिथे आपण डॉक्टरकी बंद करा म्हणत नाही.

*आधी जमीन द्या, मग मनाचं बोला.* सगळ्यांत वजनदार आक्षेप हा. अन्यायाचं दुःख आजार म्हणून नोंदवलं की अन्याय करणारा सुटतो. धरणाच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांचाही वाद एकरांवर आणि कुटुंबांच्या संख्येवर लढला गेला, आणि तो तसा लढला जाणं आवश्यकच होतं. सर्वोच्च न्यायालयानं १८ ऑक्टोबर २००० रोजी निकाल दिला, १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचं लोकार्पण झालं, तरी पुनर्वसनाच्या तक्रारी संपल्या नाहीत. अशा वेळी श्वासाचे व्यायाम शिकवायला जाणं निर्दय वाटू शकतं. बाहेरून आलेल्या समुपदेशकानं ते केलं तर निर्दयच ठरेल. पण जो स्वतः त्याच तक्रारीचा अर्जदार आहे, तो दुसऱ्याला अन्याय विसरायला सांगूच शकत नाही. शिवाय रात्र-रात्र डोळ्याला डोळा न लागलेला, सकाळी अंथरुणातून उठू न शकणारा माणूस सुनावणीला जात नाही. हक्कासाठी भांडायलाही उभं राहण्याइतकी ताकद लागते.

*भगत-बडवे आहेतच की.* आहेत, आणि लोक त्यांच्याकडे जाणारच. गुजरातमध्येच उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ शेजारी-शेजारी ठेवण्याचा प्रयोग झाला. तिथून शिकण्यासारखं आहे. भगत देवाच्या बाजूनं बोलतो, समदुःखी माणूस शेजाऱ्याच्या बाजूनं. दोघांची जागा वेगळी आहे आणि त्यांच्यात भांडण लावायची गरज नाही.

मानधन, देखरेख आणि खर्च कुणाचा

समदुःख्याचा आधार ‘सेवाभाव’ म्हणून फुकट मागण्याची चाल मला सगळ्यांत जास्त खटकते. आशा कार्यकर्तीचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २००५ पासून तिच्या खांद्यावर गावाचं आरोग्य ठेवलं, आणि तिला स्वयंसेविका म्हणवून मोबदल्यासाठी पुन्हा पुन्हा रस्त्यावर यायला लावलं. विस्थापित बाईच्या बाबतीत हा अन्याय दुप्पट होतो: जिचं आधीच सगळं घेतलं, तिच्याकडून आता तिचं दुःखही कामाला लावायचं आणि त्याचे पैसे द्यायचे नाहीत. ठरावीक मानधन हवं. एका वेळी किती जणांना भेटायचं याची मर्यादा हवी. आणि आठवड्यातून एकदा तिचं स्वतःचं ऐकून घेणारं कुणी हवं.

वडोदऱ्यात यासाठी लागणारं सगळं आहे, फक्त एकमेकांशी जोडलेलं नाही. कारेलीबागेत सरकारी मनोरुग्णालय आहे. सयाजीराव रुग्णालयाला जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची समाजकार्य विद्याशाखा देशातल्या जुन्या शाखांपैकी आहे. आदिवासी बोलींवर काम करणारं भाषा संशोधन केंद्र १९९६ मध्ये गणेश देवी यांनी याच शहरात सुरू केलं. गुजरातच्या सार्वजनिक मानसिक आरोग्य सेवांमध्ये २०१४ ते २०१६ या काळात ‘क्वालिटीराइट्स’ कार्यक्रम राबवला गेला, त्यात आजारातून गेलेल्या माणसांना सोबती म्हणून उभं करण्याचा प्रयत्नही झाला. म्हणजे कल्पना इथल्या यंत्रणेला परकी नाही. दवाखान्याच्या आवारातून ती वसाहतीपर्यंत न्यायची आहे. आठवड्याच्या देखरेखीची जबाबदारी विद्याशाखेनं घ्यावी, गंभीर रुग्णासाठी कारेलीबागेतलं एक ठरलेलं दार उघडं असावं, निवड वसाहतीतल्या बायकांनी स्वतः करावी आणि शिकवणी गुजरातीत नव्हे तर लोकांच्या बोलीत व्हावी.

राहिला खर्चाचा प्रश्न. महाराष्ट्र म्हणेल माणसं गुजरातेत राहतात, गुजरात म्हणेल बाधित महाराष्ट्राचे, आरोग्य खातं पुनर्वसन खात्याकडे बोट दाखवेल. पण या टोलवाटोलवीला निवाड्यात जागा नाही. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या बाधितांच्या पुनर्वसनाचा खर्च लवादानं १९७९ मध्येच गुजरातवर, म्हणजे प्रकल्पावर टाकला आहे. घर, शेत, शाळा, पाण्याची सोय यांचा खर्च ज्या खात्यातून झाला, त्याच खात्यात या कार्यकर्त्यांचं मानधन धरावं लागेल, आणि ती मागणी नंदुरबार आणि वडोदरा या दोन्ही बाजूंनी एकत्र व्हायला हवी.